राउटर कुणाच्या वतीने उत्तर देतो? डायनॅमिक डीएनएस आणि प्रॉक्सी एआरपी, मुळापासून

दोन तक्रारी घेऊ. वरवर पाहता त्यांचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. पहिली अशी: घरच्या नेटवर्कवर बाहेरून पोचण्यासाठी टिपून ठेवलेला आयपी पत्ता कालपर्यंत चालत होता, आज चालत नाही. दुसरी अशी: बाहेरून व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंत जाणारा सुरक्षित बोगदा) जोडलं, लॅपटॉपला घरच्याच मालिकेतला पत्ता मिळाला, राउटर पिंगला ('आहेस का?' या चाचणीच्या हाकेला) उत्तर देतो, पण त्याच नेटवर्कवरचा प्रिंटर काही केल्या बोलत नाही. पहिल्या तक्रारीवर डायनॅमिक डीएनएसचा उपाय आहे, दुसरीवर प्रॉक्सी एआरपीचा. राउटरच्या मेनूत ही दोन सेटिंगं दोन टोकांना असतात आणि माहितीपुस्तिका 'इथे टिक करा' एवढंच सांगून पुढे जाते.

टिक कुठे करायची ते कळलं तरी काम अर्धंच होतं. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकत्र समजून घ्याव्यात, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: 'अमुक कुठे आहे?' हा प्रश्न कोण विचारतं, त्याला उत्तर कोण देतं आणि विचारणाऱ्याच्या लक्षात ते उत्तर किती वेळ राहतं, या तीन गोष्टी धरून ठेवल्या की सेटिंग समजतंच, शिवाय बिघडलं तर कुठे बघायचं तेही कळतं.

दोन प्रश्न, दोन हद्दी

डीएनएसचा प्रश्न नावावरून आकडा विचारतो: या नावाचा आयपी पत्ता काय? पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली ही व्यवस्था मांडली. आज वापरात असलेला तिचा आराखडा १९८७च्या आरएफसी (इंटरनेटच्या पद्धती लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज) १०३४ आणि १०३५ यांतला आहे. हा प्रश्न जगभर फिरू शकतो. तुमचा फोन एका रिझॉल्व्हरला (नावांची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरला) विचारतो, तो पुढे आणखी कुणाला विचारतो, आणि शेवटी त्या नावाची अधिकृत नोंद ज्याच्याकडे आहे त्या सर्व्हरकडून उत्तर येतं.

एआरपीचा प्रश्न त्याच्या खालच्या पायरीवरचा आहे: हा आयपी पत्ता ज्याचा आहे, त्याच्या नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता काय? डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ मध्ये ही पद्धत लिहिली. हा प्रश्न ब्रॉडकास्टने विचारतात, म्हणजे एकाच नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम ऐकू जाईल असा. ज्याचा पत्ता असेल त्याने उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. आणि राउटर हे ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून एआरपीचा प्रश्न स्थानिक नेटवर्कच्या कुंपणाशी येऊन थांबतो. पलीकडच्या यंत्राला तो ऐकूच जात नाही, मग त्याने उत्तर देण्याचा प्रश्नच येत नाही. ही गोष्ट पुढे प्रॉक्सी एआरपीपाशी लागेल.

दोन्हींत उत्तर मिळालं की विचारणारा ते काही काळ जपून ठेवतो. डीएनएसमध्ये किती वेळ ठेवायचं ते उत्तर देणारा सांगतो. त्या आकड्याला टीटीएल म्हणतात. एआरपीत ते ऐकणाऱ्याच्या मर्जीवर असतं. संगणकांत हिशेब सहसा सेकंदांचा किंवा मिनिटांचा असतो, पण सिस्कोच्या राउटरवर मूळ सेटिंग चक्क ४ तासांचं आहे. या ४ तासांनी मला एकदा कसं अडकवलं ते पुढे सांगतो.

पत्ता बदलतो, नाव टिकतं

इंटरनेट पुरवणारी कंपनी बहुतेक ग्राहकांना कायमचा पत्ता देत नाही. जोडणी सुरू झाली की तिच्याकडच्या साठ्यातला एक पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो. राउटर बंद होऊन सुरू झाला, जोडणी तुटून पुन्हा लागली किंवा मुदत संपली, की दुसरा पत्ता हाती येऊ शकतो. आत बसून बाहेर बघणाऱ्याला याचा काही त्रास नाही, कारण सुरुवात आतून होते. बाहेरून आत येऊ पाहणाऱ्याला मात्र दार कुठे आहे तेच कळत नाही.

डायनॅमिक डीएनएसची युक्ती साधी आहे. एक कायमचं नाव घ्यायचं, आणि पत्ता बदलला की राउटरनेच त्या नावाच्या नोंदीत नवा पत्ता घालून घ्यायचा. घरगुती राउटरवर हे असं चालतं: राउटरमधला छोटा क्लायंट सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरला एक वेब विनंती पाठवतो. त्यात नाव, ओळख पटवणारा पासवर्ड किंवा टोकन आणि नवा पत्ता असतो. सर्व्हर ओळख तपासतो, त्या नावाची 'ए' नोंद, म्हणजे नावापुढचा आयपी पत्ता, बदलतो आणि निरोप देतो. नोंदीचा टीटीएल मुद्दाम कमी ठेवलेला असतो, बरेचदा ६० सेकंद, म्हणजे जुनं उत्तर फार काळ कुणाच्या लक्षात राहत नाही.

याच नावाने ओळखली जाणारी आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यामुळे बराच गोंधळ होतो. एप्रिल १९९७च्या आरएफसी २१३६ मध्ये डीएनएस सर्व्हरलाच थेट 'ही नोंद बदल' असं सांगण्याची पद्धत आहे. कार्यालयांच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये ती भरपूर वापरली जाते: डीएचसीपी सर्व्हर संगणकाला पत्ता देतो आणि लगेच डीएनएसमध्ये त्याचं नाव नोंदवतो. तिथे ओळख पटवायला सामायिक गुप्त किल्लीने संदेशावर सही करतात, तिला टीसिग म्हणतात. मोठ्या राउटरवर या दोन्ही पद्धतींची सेटिंगं शेजारीशेजारी असतात. वेब पद्धत हवी असताना दुसरी निवडली तर राउटर मुकाट्याने भलत्याच पोर्टावर प्रयत्न करत राहतो. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी आपली सेवा कोणती पद्धत मागते ते वाचून घ्यावं.

त्याआधीही एक तपासणी आहे, आणि ती चुकवली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. राउटरच्या स्थितीपानावर वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता बघा. मग आतल्या संगणकावरून, बाहेरून दिसणारा आपला पत्ता सांगणारं एखादं संकेतस्थळ उघडा. दोन्ही आकडे सारखे असले तर उत्तम. वेगळे असले तर तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक नॅट (आतल्या अनेक पत्त्यांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवणारी सोय) बसलेलं आहे. वॅन पत्ता १०ने सुरू होत असेल, १७२.१६ ते १७२.३१ मध्ये असेल किंवा १९२.१६८चा असेल, तर तो खासगी पत्ता आहे; बहुधा पुढे आणखी एक राउटर किंवा मोडेम नॅट करतो आहे. आणि तो १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातला असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा जोडणीवर डायनॅमिक डीएनएस नाव अगदी अचूक अद्ययावत करेल, पण ते नाव कंपनीच्या सामायिक दारापाशी नेऊन सोडेल. तिथून तुमच्या घराकडे वाट नाही. मग कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा, आयपीव्ही६ने (आयपी पत्त्यांच्या नव्या, लांब पद्धतीने) जावं किंवा आतून बाहेरच्या सर्व्हरकडे बोगदा काढून त्यातून परत यावं. चौथी वाट मला तरी माहीत नाही.

पुढे एकच राउटर असेल आणि तो तुमच्याच हातात असेल, तर काम सोपं आहे. पण तेव्हा डीडीएनएसच्या (डायनॅमिक डीएनएसच्या) पानावरच्या एका पर्यायाकडे लक्ष द्यावं लागतं: पत्ता कुठून घ्यायचा, वॅन इंटरफेसवरून (राउटरच्या बाहेरच्या बाजूच्या जोडणीवरून) की बाहेरच्या तपासणीवरून? इंटरफेस निवडला तर राउटर इमानेइतबारे १९२.१६८चा खासगी पत्ता जगासमोर नोंदवून येतो. बाहेरची तपासणी निवडली की खरा सार्वजनिक पत्ता जातो. नोंदणी यशस्वी, पानावर हिरवा दिवा, आणि तरी बाहेरून काहीच उघडत नाही, अशा वेळी मी सगळ्यात आधी नावामागचा आकडा विचारून बघतो.

बाकीची मांडणी फार अवघड नाही. सेवेवर नाव तयार करायचं, टोकन घ्यायचं, राउटरमध्ये सेवा निवडून दोन्ही भरायचं. मायक्रोटिकच्या राउटरवर 'क्लाउड' विभागात एक खूण केली की राउटरच्या अनुक्रमांकावरून बनलेलं नाव आपोआप मिळतं. ते लक्षात राहण्यासारखं नसतं, म्हणून आपल्या डोमेनवर एक सी-नेम नोंद करून ती त्या नावाकडे वळवणं बरं. ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीच्या मुक्त प्रणालीवर) डीडीएनएस स्क्रिप्ट्सचं पॅकेज बसवावं लागतं. सिस्कोवर डीडीएनएसची अद्ययावत करण्याची पद्धत लिहून ती वॅन इंटरफेसला जोडतात. तिथे विनंतीच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह येतं, आणि सिस्कोच्या कमांड लाइनवर प्रश्नचिन्ह टाइप केलं की मदतीची यादीच उघडते. प्रश्नचिन्हाआधी कंट्रोल-व्ही दाबलं की ते अक्षर म्हणून घेतलं जातं. एवढीशी गोष्ट माहीत नसेल तर माणूस तासभर तिथेच अडतो.

अद्ययावत किती वेळाने करायचं? पत्ता बदलला की लगेच, आणि एरवी अधूनमधून एखादी हजेरी. दर मिनिटाला विनंती पाठवू नका. अनेक सेवा अजूनही जुन्या डिनडीएनएस पद्धतीचेच निरोप देतात: 'गुड' म्हणजे बदललं, 'नोचेंज' (लिहिलेलं असतं nochg) म्हणजे हाच पत्ता आधीपासून आहे, 'बॅडऑथ' म्हणजे ओळख पटली नाही, 'नोहोस्ट' म्हणजे या नावाची नोंद तुमच्या खात्यात नाही, आणि 'अब्यूज' म्हणजे अति विनंत्यांमुळे नाव अडवलं आहे. राउटरच्या लॉगमध्ये हे शब्द तसेच सापडतात. 'नोचेंज' पुन्हा पुन्हा दिसू लागलं तर तिकडे दुर्लक्ष करू नका. त्याचा शेवट 'अब्यूज'मध्ये होऊ शकतो.

एक बिघाड असा आहे की तो डीडीएनएसच्या पानावर शोधून सापडत नाही. कित्येक छोट्या राउटरांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली की राउटरची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. अद्ययावत करण्याची विनंती सुरक्षित जोडणीवरून जाते, तिथे सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं जातं, आणि राउटरच्या मते त्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते. विनंती फसते. वीज गेल्यावर पत्ता बदलण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि नेमकी तेव्हाच ही फजिती होते. म्हणून एनटीपीने वेळ जुळवणं सुरू आहे ना, हे डीडीएनएसच्या तयारीचाच भाग मानावं.

चाचणी करताना लक्षात राहणाऱ्या उत्तरांचा विसर पडू देऊ नका. नाव तयार होण्याआधीच ते ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं, तर 'असं नाव नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर जपून ठेवतो, आणि मग नाव तयार होऊनही काही वेळ ते सापडत नाही. दुसरं, घरातूनच स्वतःच्या सार्वजनिक पत्त्यावर जायला राउटरला हेअरपिन नॅट यावं लागतं. ते नसेल तर बाहेरून सुरळीत चालणारी गोष्ट आतून बंद दिसते. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासणं हीच खरी परीक्षा.

सुरक्षेबद्दल स्पष्ट सांगतो. डायनॅमिक डीएनएस स्वतः कुठलंही दार उघडत नाही, फक्त घराचा पत्ता सांगतं. दार पोर्ट फॉरवर्डिंगने (बाहेरून ठरावीक पोर्टावर आलेलं आतल्या एका यंत्राकडे सोडण्याने) उघडतं. राउटरचं व्यवस्थापनाचं पान किंवा कॅमेऱ्याचं पान थेट इंटरनेटवर काढू नका. एकच पोर्ट उघडा, व्हीपीएनचा, आणि बाकी सगळं त्याच्या आतून वापरा. वायरगार्ड हे व्हीपीएन वापरत असाल तर एक बारकावा आहे: तो सर्व्हरचं नाव जोडणी उभी करताना एकदाच विचारतो आणि मिळालेला आकडा धरून बसतो. डीडीएनएसने नोंद मिनिटभरात बदलली तरी तो जुन्याच पत्त्यावर पाकिटं पाठवत राहतो. इथे टीटीएल कितीही कमी असला तरी उपयोग नाही, कारण प्रश्न पुन्हा विचारलाच जात नाही. अधूनमधून नाव पुन्हा विचारणारी छोटी स्क्रिप्ट लावावी किंवा बोगदा बंद करून सुरू करावा.

दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणणारा राउटर

आता व्हीपीएन जोडलं गेलं. घरचं नेटवर्क १९२.१६८.१०.० आहे, मास्क (पत्त्याचा किती भाग सगळ्या नेटवर्कचा सामायिक आहे ते सांगणारा आकडा) २४ बिटांचा. प्रिंटर १९२.१६८.१०.५० वर आहे. बाहेरच्या लॅपटॉपला व्हीपीएनने १९२.१६८.१०.२०० हा पत्ता दिला. लॅपटॉपने राउटरला पिंग केलं, उत्तर आलं. साहजिक आहे, बोगद्याचं दुसरं टोक राउटरच आहे. मग प्रिंटरला पिंग केलं. पाकीट बोगद्यातून राउटरकडे आलं, राउटरने ते प्रिंटरला दिलं. इथपर्यंत सगळं ठीक.

अडतं ते परतीच्या वाटेवर. प्रिंटरला २००ला उत्तर द्यायचं आहे. तो मास्क बघतो आणि ठरवतो, हा तर आपल्याच नेटवर्कचा. आपल्यातल्याशी बोलायला राउटर कशाला? म्हणून तो ब्रॉडकास्ट करतो: २०० कोण आहे, मॅक पत्ता सांगा. लॅपटॉप तर शेकडो किलोमीटर दूर आहे, एआरपीची हाक कुंपणापाशी थांबली, कुणीच बोललं नाही. प्रिंटरने उत्तर टाकून दिलं. तुम्हाला फक्त 'वेळ संपली' दिसतं.

वर्गात हजेरी चालू असताना मित्राच्या नावाला दुसऱ्यानेच 'हजर' म्हणावं, तसं काम इथे राउटर करतो. प्रॉक्सी एआरपी सुरू असेल तर २००ची हाक ऐकून राउटर आपलाच मॅक पत्ता देतो. प्रिंटरच्या टेबलात नोंद होते, २०० म्हणजे हा मॅक. तो फ्रेम राउटरकडे पाठवतो, राउटर आत पाहतो, हे पाकीट २००चं आहे, आणि बोगद्यात सोडतो. प्रिंटरला आपण राउटरमार्फत बोललो हे शेवटपर्यंत कळत नाही. हजेरीच्या उदाहरणात एक मोठा फरक मात्र आहे: तिथे मित्र वर्गात नसतोच, इथे राउटर 'हजर' म्हणतो तेव्हा निरोप पोचवण्याची जबाबदारीही उचलतो. ती वाट त्याच्याकडे नसेल तर त्याने बोलूच नये, आणि नियमही तसाच आहे. ज्या इंटरफेसवर हाक आली त्याच्याखेरीज दुसऱ्या इंटरफेसमधून त्या पत्त्याकडे जाणारा मार्ग आपल्या टेबलात असेल, तरच राउटर उत्तर देतो.

ही युक्ती व्हीपीएनसाठी जन्मलेली नाही. मोठं नेटवर्क लहान भागांत तोडण्याची सबनेटची पद्धत ऑगस्ट १९८५च्या आरएफसी ९५० मध्ये ठरली. पण तेव्हाच्या बऱ्याच यंत्रांना सबनेट मास्क समजतच नव्हता. त्यांना सगळं एकच नेटवर्क वाटे, आणि ती पलीकडच्या भागातल्या यंत्रांसाठीही एआरपीने हाका मारत राहत. प्रत्येक यंत्राचं सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा मधल्या गेटवेनेच (दोन नेटवर्क जोडणाऱ्या राउटरनेच) उत्तर द्यावं, अशी मांडणी ऑक्टोबर १९८७च्या आरएफसी १०२७ मध्ये झाली. ज्याला समजत नाही त्याला न दुखावता पलीकडे पोचवायचं, हा तिचा हेतू होता. आजही प्रॉक्सी एआरपीची गरज लागते ती अशाच ठिकाणी.

प्रॉक्सी एआरपी कुठे योग्य आणि कुठे आळस, याबद्दल माझं मत पक्कं आहे. व्हीपीएनच्या लोकांना वेगळी मालिका देता येत असेल, समजा १९२.१६८.२०.०, तर तीच द्यावी. मग प्रिंटर मास्क बघून म्हणेल, हा परका, आणि पाकीट सरळ राउटरकडे देईल. कुणाला कुणाच्या वतीने बोलावं लागत नाही. काही उपकरणं मात्र आपल्या मालिकेबाहेरच्यांशी बोलायचंच नाकारतात, काहींत गेटवे भरायची सोयच नसते. तिथे प्रॉक्सी एआरपीच कामाला येतं. दुसरं खरं ठिकाण म्हणजे सार्वजनिक पत्त्यांचा गठ्ठा. कंपनी कधीकधी जादा पत्ते तुमच्या राउटरकडे मार्गाने वळवत नाही, तर तिच्या गेटवेला वाटतं की ते सगळे त्याच तारेवर बसले आहेत. गेटवे प्रत्येकासाठी एआरपीची हाक मारतो. ते पत्ते तुमच्या राउटरच्या आत असतील तर वॅनच्या बाजूला राउटरनेच उत्तर द्यावं लागतं. ज्युनिपरच्या एसआरएक्स फायरवॉलवर नॅटसाठी वॅनच्याच सबनेटमधले जादा पत्ते वापरताना प्रॉक्सी एआरपी वेगळं लिहावं लागतं, आणि ते विसरलं की नॅटचे सगळे नियम बरोबर असूनही परतीची पाकिटं येत नाहीत.

सुरू करण्याआधी मूळ स्थिती बघा. सिस्कोच्या आयओएसवर ते इंटरफेसवर आपोआप सुरूच असतं. तिथे मेहनत सहसा ते बंद करण्याची असते. लिनक्सवर ते मुळात बंद असतं. तिथे पूर्ण इंटरफेससाठी कर्नलची प्रॉक्सी-एआरपी सेटिंग १ करता येते, किंवा शेजाऱ्यांच्या टेबलात एकेका पत्त्यासाठी प्रॉक्सी नोंद घालता येते. मी नेहमी दुसरी वाट धरतो. कुणाच्या वतीने बोलायचं ते नेमकं लिहिलेलं असलं की सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही हेतू कळतो. लिनक्सने एक काळजीही घेतली आहे: दुसऱ्याच्या वतीने उत्तर देताना तो मुद्दाम थोडा थांबतो, मूळ सेटिंगनुसार जास्तीत जास्त ०.८ सेकंद. खरा मालक तारेवर असेल तर त्याला आधी बोलता यावं, म्हणून. मायक्रोटिकवर इंटरफेसच्या एआरपी या रकान्यात 'प्रॉक्सी-एआरपी' निवडतात. लॅनचे (आतल्या नेटवर्कचे) पोर्ट ब्रिजमध्ये (अनेक पोर्ट एकत्र बांधणाऱ्या इंटरफेसमध्ये) असतील तर हा बदल ब्रिजवर करायचा. आतल्या एखाद्या पोर्टावर केला तर काहीच होत नाही. त्याच यादीत 'लोकल-प्रॉक्सी-एआरपी'ही दिसेल. ते वेगळं आहे: त्यात हाक ज्या इंटरफेसवर आली त्याच इंटरफेसवरच्या इतरांच्या वतीनेही राउटर बोलतो. एकमेकांशी थेट बोलण्याची मनाई असलेल्या ग्राहकांना राउटरमार्फत बोलू द्यायचं असेल तेव्हाच ते लागतं.

आता धोके. सगळ्यात मोठा धोका हा की प्रॉक्सी एआरपी चुका झाकतं. एखाद्या संगणकावर मास्क २४ऐवजी १६ बिटांचा भरला गेला, तर तो शेजारच्या सबनेटलाही आपलंच समजतो आणि एआरपीची हाक मारतो. राउटर उत्तर देतो, सगळं चालतं, चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. मग राउटर बदलतो, नव्यावर प्रॉक्सी एआरपी बंद असतं, आणि नेमकी पाच-सहा यंत्रं तुटतात. दोष नव्या राउटरला दिला जातो. तसंच, डिफॉल्ट मार्ग पुढच्या गेटवेच्या पत्त्याऐवजी नुसत्या इथरनेट इंटरफेसकडे लिहिला, तर राउटर जगातल्या प्रत्येक पत्त्यासाठी वेगळी एआरपीची हाक मारतो. पलीकडचा गेटवे प्रॉक्सी एआरपीने प्रत्येकाला उत्तर देतो, आणि एआरपीचं टेबल फुगत जातं. काही दिवस चालतं, मग राउटर दमतो.

पत्त्यांची टक्कर हाही नेहमीचा त्रास आहे. नवा पत्ता घेताना यंत्रं आधी विचारतात, हा कुणी वापरतंय का? व्हीपीएनवर कुणी २०० घेऊन बसलं असेल आणि डीएचसीपीने तोच एखाद्या फोनला देऊ केला, तर राउटर वतीने 'हो' म्हणतो आणि फोन तो पत्ता नाकारतो. यात राउटरची चूक नाही, मालिका वाटून न देणाऱ्याची आहे. व्हीपीएनसाठीचे पत्ते डीएचसीपीच्या साठ्यातून आधीच वगळावेत.

आता त्या ४ तासांची गोष्ट. एका ठिकाणी मी जुना राउटर काढून नवा बसवला. मुख्य पत्ता एक, आणि प्रॉक्सी एआरपीवर चालणारे जादा सार्वजनिक पत्ते पाच. मुख्य पत्ता लगेच सुरू झाला, पाचही जादा पत्ते मेलेले. सेटिंग ओळीनओळ ताडून पाहिलं, जुन्याशी तंतोतंत जुळत होतं. मी मार्ग बदलले, नॅट बदललं, पुन्हा मूळपदावर आणलं. दुपार गेली आणि संध्याकाळी ते पाचही पत्ते आपोआप जिवंत झाले. कारण कळलं तेव्हा फार बरं वाटलं. इंटरफेस सुरू होताना राउटर स्वतःच्या पत्त्याची न विचारताच घोषणा करतो. तिला ग्रॅट्युइटस एआरपी म्हणतात. ती ऐकून कंपनीच्या गेटवेने मुख्य पत्त्यापुढचा मॅक बदलून घेतला. पण ज्यांच्या वतीने राउटर फक्त विचारल्यावर बोलतो, त्या पत्त्यांची घोषणा कुणीच केली नव्हती. गेटवे जुना मॅक धरून बसला होता आणि त्याच्या मते विचारण्याची गरजच नव्हती. मुदत संपली, हाक आली, नव्या राउटरने उत्तर दिलं. तेव्हापासून अशा बदलानंतर मी प्रत्येक जादा पत्त्याची घोषणा हाताने पाठवतो. लिनक्सवर आर्पिंग हे साधन त्यासाठी आहे. ते जमणार नसेल तर नव्या राउटरच्या वॅनला जुन्याचा मॅक पत्ता देतो.

प्रॉक्सी एआरपी चालू आहे का, हे आतल्या कुठल्याही संगणकावर एआरपीचं टेबल उघडून दिसतं: अनेक आयपी पत्त्यांपुढे एकच मॅक असेल, आणि तो राउटरचा असेल, तर कुणीतरी वतीने बोलतंय. हीच खूण एआरपी फसवणुकीचीही आहे, कारण हल्लेखोर तेच करतो, फक्त परवानगीशिवाय. म्हणून तो मॅक खरोखर आपल्या राउटरच्या तळाशी छापलेल्या मॅकशी जुळतो का, हे डोळ्यांनी बघावं. एकाच राउटरच्या निरनिराळ्या इंटरफेसांचे मॅक शेवटच्या आकड्यांत थोडे वेगळे असतात, तेवढी सूट द्यावी. स्विचवर एआरपी तपासणी सुरू असेल तर राउटरच्या पोर्टाला विश्वासातलं ठरवावं लागतं, नाहीतर त्याची ही प्रामाणिक उत्तरंही गाळली जातात.

आयपीव्ही६ आल्यावर

आयपीव्ही६मध्ये एआरपी नाही. त्याची जागा नेबर डिस्कव्हरीने घेतली आहे, आणि तिच्यातही वतीने उत्तर देण्याची सोय आहे. लिनक्सवर ती पत्त्यागणिक नोंदवता येते. डायनॅमिक डीएनएसची गरज मात्र तिथेही उरते, कारण अनेक कंपन्या ग्राहकाला दिलेला पत्त्यांचा पुढचा भाग बदलत राहतात. फरक असा की आता नॅट नाही, आतल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे. राउटरवरचा डीडीएनएस क्लायंट 'एएएए' नोंदीत (आयपीव्ही६ पत्त्याच्या नोंदीत) अनेकदा राउटरचाच पत्ता घालतो, आणि बाहेरचा माणूस फाइल सर्व्हरऐवजी राउटरपाशी येऊन थांबतो. तेव्हा त्या सर्व्हरवरच वेगळा क्लायंट चालवावा, त्याला बदलत राहणारा तात्पुरता पत्ता न देता स्थिर शेपूट असलेला पत्ता नोंदवायला सांगावं, आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये त्याच एका पत्त्यासाठी वाट मोकळी करावी.